लोरेइरोच्या खोऱ्यात

द्राक्षबागेचं आणि पावसाचं जमत नाही, हे नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला कुणी सांगायला नको. मणी भरत असताना एखादी अवकाळी सर आली की घड तडकतात, मागोमाग केवडा आणि भुरी येते आणि वर्षभराचे कष्ट मातीत जातात. म्हणूनच पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यातला मिन्यो प्रांत पाहताना आधी नवल वाटतं. अटलांटिकवरून येणारे ढग इथल्या डोंगरांना अडतात. वर्षाला हजार-दीड हजार मिलिमीटर पाऊस होतो, डोंगराच्या अंगाला त्याहूनही जास्त. तो मुख्यतः हिवाळ्यात आणि वसंतात पडतो, उन्हाळा त्यामानाने कोरडा जातो. पण हवेतला ओलावा काही हटत नाही. आणि या ओल्या, हिरव्या मुलखात द्राक्षवेल नाही असं अंगण सापडणं कठीण.

याच मुलखात लिमा नदीच्या खोऱ्यात लोरेइरो पिकतं. पोर्तुगालच्या सर्वांत सुगंधी पांढऱ्या द्राक्षांमध्ये त्याची गणना होते. पोर्तुगीज वाइन म्हटलं की बहुतेकांना दोरू नदीकाठची गोड, कडक पोर्ट आठवते, नाहीतर मदेइरा बेटावरची वाइन. लोरेइरो या दोन्हींच्या अगदी उलट टोकाला आहे: हलकं, आंबटसर, फुलांच्या वासाचं. या द्राक्षाची ओळख त्याच्याच गावी, सुगीच्या दिवसांत करून घ्यावी, म्हणून मी सप्टेंबरमध्ये तिथं गेले.

पोर्तोहून मिन्यो मार्गाची रेल्वे उत्तरेकडे व्हियाना दो कास्तेलोला जाते. इथं लिमा समुद्राला मिळते. नदीवरचा दुमजली लोखंडी पूल गुस्ताव आयफेलच्या कंपनीने बांधला आणि १८७८ मध्ये तो सुरू झाला. वरून गाड्या-माणसं जातात, खालून रेल्वे. पूल ओलांडताना डावीकडे खाडीचं रुंद मुख आणि उजवीकडे आत आत जाणारं खोरं, असं दोन्ही एका नजरेत दिसतं. ते पाहून घ्यावं, कारण लोरेइरोच्या वासाचं अर्धं कारण त्या दृश्यात आहे. खोऱ्याचं तोंड थेट समुद्राकडे उघडं आहे. दुपारी समुद्रावरून गार वारा आत शिरतो, नदीच्या पात्राने वर चढतो आणि उन्हाची तलखी कमी करतो. द्राक्ष हळूहळू पिकतं, साखर भरते तरी आंबटपणा टिकून राहतो.

व्हियानाहून पंचवीसेक किलोमीटर आत गेलं की पोंते दे लिमा लागतं. पोर्तुगालचं राज्य उभं राहण्याच्या आधी, ११२५ मध्ये, राणी तेरेजाने या गावाला सनद दिली. तिचाच मुलगा आफोन्सो एन्रिकेश पुढे पोर्तुगालचा पहिला राजा झाला. पोर्तुगालमधलं सर्वांत जुनं सनदी गाव म्हणून इथले लोक अभिमानाने हे साल सांगतात. गावाचं नावच ज्यावरून पडलं तो पूल अजून पायी चालण्यासाठी खुला आहे. पलीकडच्या काठाच्या थोड्या कमानी रोमन काळातल्या, बाकीचा लांबलचक भाग मध्ययुगातला. स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राला जाणारे यात्रेकरू पाठीवर पिशव्या घेऊन याच पुलावरून उत्तरेकडे निघतात.

नदीच्या दोन्ही काठांवर एका जुन्या कथेतली शिल्पं उभी केली आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात देसिमस जुनियस ब्रूटस हा रोमन सेनापती फौज घेऊन इथं पोचला. ही नदी म्हणजे पुराणातली विस्मृतीची नदी लीथी, ती ओलांडली की माणूस घरदार, नावगाव सगळं विसरतो, अशा समजुतीने सैनिक पुढे पाऊल टाकेनात. तेव्हा सेनापती एकटाच पलीकडे गेला आणि तिथून एकेका सैनिकाला त्याच्या नावाने हाक मारू लागला. त्याला सगळी नावं आठवतायत हे पाहून सैन्य पार झालं. आज एका काठावर शिपायांची रांग आणि समोरच्या काठावर घोड्यावरचा सेनापती दिसतो. लोरेइरोची कहाणी कळत गेली तेव्हा ही कथा मला जास्त जवळची वाटू लागली. कारण हे द्राक्षही पिढ्यान्पिढ्या या नदीकाठी निनावीच वाढलं आणि नावाने ओळखलं जाऊ लागलं ते अगदी अलीकडे.

हा सगळा प्रदेश ‘विन्यो व्हेर्दे’ या नावाने ओळखला जातो. व्हेर्दे म्हणजे हिरवी, पण वाइनचा रंग हिरवा नसतो; तरुणपणी, ताजी असतानाच प्यायची वाइन असा त्या नावाचा रिवाजातला अर्थ. १९०८ मध्ये या प्रदेशाच्या हद्दी कायद्याने ठरल्या. आज त्याचे नऊ उपविभाग आहेत. उत्तरेला स्पेनच्या सीमेवर मोन्साऊं आणि मेल्गासू. तिथं डोंगरांच्या आडोशाला आल्व्हारिन्यो हे द्राक्ष राज्य करतं. त्याच्या दक्षिणेला लिमा, काव्हादो आणि आव्हे ही समुद्राकडे उघडणारी खोरी, आणि हा लोरेइरोचा मुलूख. किनाऱ्यापासून फार आत, कडक उन्हाळ्याच्या भागात नेलं तर ते रुसतं. सीमेपलीकडे स्पेनच्या गालिसियातही ही जात आहे, ‘लोरेइरा’ नावाने. मिन्यो नदीच्या उत्तर काठावरच्या ओ रोसाल भागात ती आल्बारिन्योबरोबर, म्हणजे पोर्तुगीजांच्या आल्व्हारिन्योबरोबर मिसळतात.

गावाबाहेर पडलं की बागा सुरू होतात, आणि पहिली ओळख पटते ती मांडवाची. ग्रॅनाइटचे खांब, त्यांवर तारा आणि लाकडं, त्यावर माणसाच्या डोक्याहून उंच पसरलेल्या वेली. आपल्याकडे नाशिक-सांगलीत जुन्या बागा मांडव पद्धतीच्या असतात. इथला ‘रामादा’ पाहताना हुबेहूब त्याच बागेत उभं राहिल्यासारखं वाटतं. कारणं मात्र वेगळी आहेत. आपल्याकडे मांडवाच्या सावलीत घड कडक उन्हापासून वाचतात; इथं उंचावर ठेवलेले घड ओल्या जमिनीपासून दूर राहतात, खालून वारा खेळतो आणि कूज कमी होते. दुसरं कारण जमिनीच्या तुटवड्याचं. सोळाव्या-सतराव्या शतकात अमेरिकेतून आलेला मका मिन्योत झपाट्याने पसरला. पाण्याखालची चांगली जमीन मक्याने घेतली आणि द्राक्षाला बांधावर, वाटेवर, झाडांवर जागा शोधावी लागली. पॉप्लर, चेस्टनट अशा झाडांवर चढवलेल्या वेली अजून कुठं कुठं दिसतात. मांडवाखाली कोबी, बटाटा, मका असतो. तिथली हाताएवढ्या पानांची उंच कोबीच बारीक चिरून ‘काल्दो व्हेर्दे’ या रोजच्या सूपमध्ये पडते. एका शेतावर तीन पिकं काढणारी ही गरिबीची शहाणीव आहे.

पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात सामील झाला, त्यानंतर बागा बदलण्यासाठी पैसा आला. आता व्यापारी बागा तारेवर, सरळ रांगांत, कमरेच्या उंचीवर लावलेल्या दिसतात. पानं विरळता येतात, घडांना ऊन-वारा लागतो, तोडणी शिडीविना होते. लोरेइरोच्या बाबतीत हा बदल मोलाचा ठरला. ही वेल जोमाची आणि सढळ हाताने फळणारी. मोकळी सोडली तर घडांनी लगडते, पण मग वास पातळ होतो आणि वाइन नुसती आंबट पाण्यासारखी उतरते. म्हणून कसलेले बागायतदार पिकाला लगाम घालतात, काही घड कच्चे असतानाच काढून टाकतात. मला बाग दाखवणाऱ्या वयस्क बागायतदाराला आपल्याकडच्या दोन छाटण्यांचं, एप्रिलच्या खरड छाटणीचं आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीचं, फार कौतुक वाटलं. त्याच्याकडे छाटणी एकच, थंडीत. कारण हिवाळ्यात वेल पानं टाकून झोपी जाते आणि वसंतात आपणहून फुटते. पण फवारणीच्या गप्पा निघाल्या तेव्हा आमचं लगेच जमलं. गंधक, मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, पावसाच्या आधी फवारायचं की नंतर, याची चिंता दोन्हीकडे तीच. लोरेइरो केवडा, भुरी आणि करडी बुरशी या तिन्हींना बळी पडतं, त्यामुळे या खोऱ्यात रसायनं कमी वापरून ते पिकवणं हे धाडसाचंच काम आहे.

त्याने एक घड तोडून हातात दिला. घड लांबट, बऱ्यापैकी दाट. मणी मध्यम, हिरवट पिवळे, उन्हाच्या बाजूने किंचित सोनेरी, वर मेणाची फिकट लव. मणी दाताखाली फोडला की आधी गोडी येते, लगेच मागून लिंबाचा आंबटपणा. गर गिळून टाकावा आणि साल तोंडात ठेवून सावकाश चावावी, असं त्याने खुणेने सांगितलं. तसं केलं आणि वास सापडला. संत्र्याच्या झाडाला बहर आल्यावर येतो तो फुलांचा गंध, आणि त्याच्या तळाशी एक पाल्याचा, किंचित मसालेदार वास. तो लॉरेलच्या पानाचा. युरोपीय स्वयंपाकातलं हे पान आपल्या तमालपत्राहून वेगळ्या झाडाचं, आणि द्राक्षाचं नाव त्याच झाडावरून आलेलं आहे. सुगंध सालीत आणि सालीलगतच्या गरात असतो, हे पुस्तकात वाचलेलं वाक्य त्या एका मण्याने कायमचं पटवलं.

या वासामागचं मुख्य द्रव्य म्हणजे लिनालूल. टर्पीन नावाच्या सुगंधी संयुगांच्या कुळातलं हे द्रव्य धण्यांच्या तेलात भरपूर असतं, लॅव्हेंडरमध्ये असतं. मस्कत जातीच्या द्राक्षांचा दरवळही बराचसा याच कुळामुळे. मण्यात यातला थोडा भाग मोकळा असतो, तो लगेच नाकाला जाणवतो. बराचसा भाग साखरेच्या रेणूशी बांधलेला असतो आणि त्याला वास नसतो. रस आंबत असताना आणि पुढे वाइन मुरत असताना तो हळूहळू सुटतो. म्हणजे बागेत जे हुंगायला मिळतं त्याहून अधिक सुगंध घडात दडलेला असतो. तो बाहेर काढायचा की घालवायचा, हे वाइन करणाऱ्याच्या हातात.

म्हणून सप्टेंबरमधली घाई. तोडणी पहाटे सुरू होते, घड गार असताना. शीग लावून भरलेल्या ट्रॅक्टरपेक्षा लहान क्रेट बरे, कारण दबलेल्या मण्यातून रस सुटला की हवा लागून वास उडतो आणि रस तपकिरी पडतो. दुपारी मी सहकारी वाइनरीच्या दाराशी थांबले होते. ट्रॉल्यांची रांग लागली होती. एकेका ट्रॉलीतून नमुना काढायचा, साखर मोजायची, कुजलेले घड आहेत का पाहायचं, जात लिहायची आणि मगच माल खाली करायचा. एका ट्रॉलीवर आजी, मुलगा आणि शाळकरी नात असे तिघं बसून आले होते. आकडा पुकारला गेला तेव्हा तिघांचे डोळे त्या काट्यावर. मिन्योत जमिनीचे तुकडे लहान. एवढ्याशा बागेसाठी स्वतःच्या तळघराचा खर्च परवडत नाही, त्यामुळे हजारो घरांचं द्राक्ष सहकारी संस्थांमधूनच बाटलीपर्यंत पोचतं. पोंते दे लिमाच्या सहकारी वाइनरीने लोरेइरोची वेगळी बाटली भरून, माफक किमतीत, हे नाव घराघरांत नेलं, ही तिची मोठी कामगिरी.

आत स्टीलच्या टाक्यांचा गारवा. घड दांड्यांपासून सोडवतात, मणी हलके दाबतात. काही ठिकाणी रस सालीसह काही तास थंड ठेवतात, म्हणजे सालीतला सुगंध रसात उतरतो. जास्त वेळ ठेवलं तर कडवटपणाही उतरतो. मग गाळलेला रस कमी तापमानाला, साधारण सोळा-सतरा अंशांवर, संथपणे आंबवतात. उष्णता वाढली की वास वाफेबरोबर निघून जातो. पूर्वी घरगुती विन्यो व्हेर्देमध्ये बाटलीतच दुसरं किण्वन होऊन बारीक बुडबुडे राहत. आज स्वस्त बाटल्यांत तेवढा कार्बन डायऑक्साइड वरून घालतात. जिभेला त्याची गुदगुली होते, पण चांगल्या लोरेइरोला त्याची गरज पडत नाही आणि बरेच गंभीर उत्पादक तो घालतही नाहीत.

या द्राक्षाचं नाव इतकी वर्षं का झाकलेलं राहिलं, तेही इथंच उमगतं. काही दशकांपूर्वीपर्यंत या प्रदेशात लाल वाइनच जास्त होत असे. व्हिन्याऊं या काळ्या द्राक्षाची गडद, तुरट, चिनी मातीच्या पांढऱ्या वाडग्यातून प्यायची वाइन. पांढरी केली तर अनेक जातींची एकत्र. लोरेइरोने वास द्यायचा, ट्राजादुराने मऊपणा, आरिंतोने आंबट कणा. गिऱ्हाइकाला मिळायची ती नुसती विन्यो व्हेर्दे. मिश्रणात गैर काही नाही, आजही ती त्रिकुटाची वाइन रोजच्या जेवणाला झकास लागते. पण त्यात लोरेइरोची स्वतःची उंची कळत नव्हती. ती दाखवून दिली काही मोजक्या लोकांनी. रेफोइओस दो लिमातल्या किंता दो आमेआलमध्ये पेद्रू आरौजो यांनी फक्त लोरेइरोवर भर दिला, पीक कमी घेतलं, काही वाइन लाकडी पिंपात ठेवून पाहिली आणि ती वर्षानुवर्षं टिकते हे जगाला चाखायला लावलं. २०१९ मध्ये ही मालमत्ता आलेंतेजूच्या एस्पोराऊं कंपनीने घेतली. वरच्या अंगाला, आर्कोस दे व्हाल्देवेजजवळ, वास्को क्रॉफ्ट यांनी आफ्रोस या नावाने जैवगतिक (बायोडायनॅमिक), म्हणजे रासायनिक फवारे टाळणाऱ्या पद्धतीने बाग केली. एवढ्या पावसात हे म्हणजे परीक्षाच. आल्व्हारिन्योसाठी नावाजलेले आन्सेल्मो मेंदेश यांनीही लिमा खोऱ्यातल्या लोरेइरोची स्वतंत्र बाटली काढली. शिवाय आर्कोसजवळ विन्यो व्हेर्दे आयोगाचं प्रयोगक्षेत्र आहे; आमांद्यू गाल्यानो या संशोधकाचं नाव त्याला दिलं आहे. कोणती जात कुठं, कशी लावावी याचं काम अशा ठिकाणी शांतपणे होत आलं, आणि बागायतदाराच्या हाती खात्रीची रोपं पडली.

लोरेइरो नीट समजायचं तर दोन पेले शेजारी ठेवून चाखावेत. पहिला त्याच वर्षीच्या किंवा मागल्या वर्षीच्या वाइनचा, आठ-दहा अंशांवर गार. रंग जवळजवळ पाण्याचा, कडेला हिरवट झाक. पेला नाकाशी नेण्याआधीच फुलं येतात. मग लिंबाची साल, हिरवं सफरचंद, आणि शेवटी ते पाल्याचं अंग. अल्कोहोल बहुधा अकरा-बारा टक्के, त्यामुळे जड वाटत नाही. दुसरा पेला पाच-सहा वर्षं मुरलेल्या, कमी पिकाच्या बागेतल्या वाइनचा. तो एवढा गार नको, दहा-बारा अंश पुरे. रंग पिवळा झालेला, फुलांचा दंगा ओसरलेला. त्याजागी मध, मेण, सुकवलेली लिंबाची साल. आंबटपणा मात्र जसाच्या तसा, आणि तोच या वाइनचा कणा आहे. विन्यो व्हेर्दे म्हणजे उन्हाळ्यात गटागट प्यायची स्वस्त वाइन, वर्षभरात संपवावी, ही जगभर रुजलेली समजूत हा दुसरा पेला एका घोटात मोडून काढतो.

जेवणातलं त्याचं स्थानही पाहावं. पोंते दे लिमाचं प्रसिद्ध पक्वान्न म्हणजे ‘आरोश दे साराबुल्यू’: डुकराचं मांस आणि रक्त घालून शिजवलेला सैलसर भात, त्यात जिऱ्याचा ठसठशीत वास. त्याच्याशी गावकरी लाल व्हिन्याऊंच घेतात, आणि त्यांचं बरोबर आहे. चरबीला तो तुरटपणा कापतो. लोरेइरोची जागा समुद्राच्या ताटात. शिंपल्या, भाजलेली सार्डिन, ऑलिव्ह तेलात भिजलेला खारा कॉड, सोबत मक्याचा जाड ब्रोआ पाव. कोथिंबीर आणि लसूण घालून वाफवलेल्या शिंपल्यांशी ते असं जमतं की दुसरं काही मागवावंसं वाटत नाही. गोव्यात किंवा मालवणात वाढलेल्या जिभेला हा मेळ लगेच कळेल: तिसऱ्या, कोथिंबीर, आंबटाचा पिळा हे सगळं ओळखीचं आहे.

जायचं असेल त्यांनी गावातल्या विन्यो व्हेर्दे केंद्रापासून सुरुवात करावी. तिथं सगळ्या उपविभागांची वाइन एका छपराखाली चाखता येते. एक आड एक सोमवारी नदीच्या वाळवंटात बाजार भरतो, तोही चुकवू नये. नदीकाठाने पायवाट आहे. मे-जूनमध्ये वेली फुलोऱ्यात असतात आणि सप्टेंबरच्या मध्यापासून तोडणी चालते. खोऱ्यातल्या जुन्या वाड्यांपैकी बरेच पाहुण्यांना उतरायला मिळतात आणि त्यांच्या भोवतीच बागा असतात. मात्र तोडणीच्या दिवसांत आधी कळवल्याशिवाय बागेत जाऊ नये, त्या वेळी तिथला प्रत्येक हात कामात गुंतलेला असतो.

आणि प्रवास न करता ओळख करून घ्यायची असेल, तर बाटलीवरच्या तीन गोष्टी वाचाव्यात. द्राक्षाचं नाव लोरेइरो असं स्पष्ट लिहिलेलं असावं. युरोपीय नियमानुसार तसं लिहायला किमान ८५ टक्के द्राक्ष त्याच जातीचं लागतं. उपविभाग लिमा असेल तर उत्तम. आणि हंगामाचं वर्ष छापलेलं असावं. ही तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण या द्राक्षाची सगळी मदार वर्षावर: पाऊस केव्हा आला, वारा कसा वाहिला, तोडणी कोणत्या पहाटे झाली. नाव, गाव आणि साल विचारून बाटली घेणारं गिऱ्हाईक वाढलं, तरच त्या ट्रॉलीवरच्या तिघांना लोरेइरोचा दर मिश्रणाच्या दराहून वेगळा मिळेल. १९६० च्या दशकात मिन्योतली तरुण पिढी पोटासाठी फ्रान्सला गेली, कित्येक मांडव ओस पडले. आजची नात बागेत राहायची असेल, तर तिच्या द्राक्षाला नावाने मागणी यायला हवी.